जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाइली पॅरलल केबलने बाहेर कशा काढायच्या

मामाचा सांगलीत डीटीपीचा धंदा होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, गणपती मंडळांच्या स्मरणिका, वर्षाला एकदोन दिवाळी अंक, सगळं एका ४८६ कॉम्प्युटरवर चालायचं आणि धंदा बंद केल्यावर ते मशीन माळ्यावर गेलं ते तिथंच राहिलं. मग एक दिवस मामी म्हणाली, अरे त्यात आजोबांच्या कवितांचं सगळं बाड टाइप करून ठेवलंय, छापायचं राहूनच गेलं, निघतंय का बघ. बघितलं तर फ्लॉपी ड्राइव्ह आंधळा झालेला, सीडी ड्राइव्ह कधी नव्हताच, नेटवर्क कार्ड नाही, आणि यूएसबी तर त्या मशीनच्या जन्मानंतर आलेली गोष्ट. मागच्या बाजूने बाहेर पडायचे रस्ते तीनच, दोन सिरियल पोर्ट (एकात माउस) आणि एक प्रिंटरचा, म्हणजेच पॅरलल पोर्ट. आम्ही सगळं त्या प्रिंटरच्या पोर्टातून काढलं. कसं काढलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असली मशीनं अजून बऱ्याच घरांत, छापखान्यांत, पतसंस्थांच्या मागच्या खोल्यांत पडून आहेत आणि ती चालू करणारी माणसं आता डॉस (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टिम) विसरली किंवा डॉस न बघताच मोठी झाली.

कमांड्स मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, मामाला फोनवर सांगायचो तशाच. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. जिथे स्पेलिंग गंडतं तिथे अक्षरं सांगितलीत.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, हार्डडिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला का नाही लावायची? लागत असेल तर लावा, बिनधास्त, अर्ध्या तासात काम होईल. पण ५०० एमबीच्या खालच्या बऱ्याच जुन्या डिस्का हे अडॅप्टर ओळखतच नाहीत, कारण अडॅप्टरला एलबीए नावाची पत्ता देण्याची पद्धत लागते आणि त्या डिस्का सिलिंडर, हेड, सेक्टर अशा जुन्या हिशोबावर चालतात. त्याहून जुन्या एक्सटी जातीच्या कॉम्प्युटरमधल्या एमएफएम डिस्कचं कनेक्टरच वेगळं, तिथे तर प्रश्नच मिटला. आणि जुना लॅपटॉप असेल तर तो उघडताना त्याचे प्लास्टिकचे कान तुटतात हे मी स्वतः करून बघितलंय. अशा वेळी डिस्क जिथे आहे तिथेच राहू द्यायची आणि केबल लावायची.

दोन मशीनं लागतात. एक आपलं जुनं, त्याला इथून पुढे म्हातारा म्हणू. दुसरं मधलं, ज्याच्या मदरबोर्डवर खराखुरा पॅरलल पोर्ट आहे आणि ज्यातून डेटा पुढे आजच्या लॅपटॉपवर नेता येतो. पेंटियम टू, थ्री असलं विंडोज ९८ वालं मशीन यासाठी एकदम बेस्ट. भंगारवाल्याकडे, ओळखीच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे विचारा, मिळतं. इथे नवीन माणूस हमखास फसतो तो यूएसबी टू पॅरलल केबल घेऊन. ती केबल फक्त प्रिंटरसाठी असते, कॉम्प्युटरला ती प्रिंटर म्हणून दिसते, पोर्ट म्हणून नाही, त्यामुळे तिच्यातून दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. पैसे वाया जातील.

आणि एक नियम आधीच ठरवून टाका, म्हाताऱ्याच्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं नाही, झिप करायचं नाही, स्कॅनडिस्क नाही, डीफ्रॅग तर स्वप्नातही नाही. त्या डिस्कचं हे शेवटचं फिरणं असू शकतं. जी काही सेटिंगची भानगड, फ्लॉपी बनवणं, फाइल एडिट करणं, ते सगळं मधल्यावर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर बेतलेल्या आहेत, म्हणून इंटरनेटवर दुसरीकडे उलटं वाचलंत तरी गोंधळू नका.

आता पोर्ट ओळखायचा. कॉम्प्युटरच्या मागे २५ भोकांची मादी म्हणजे पॅरलल. २५ पिनांचा नर म्हणजे सिरियल, त्याला ही केबल नाही. आपल्या केबलला दोन्ही टोकांना २५ पिनांचा नर लागतो, प्रिंटरच्या केबलला एका टोकाला ३६ पिनांचं रुंद क्लिपवालं कनेक्टर असतं, ती चालत नाही. काही स्कझी कार्डांनाही (डिस्क, स्कॅनर जोडायची वेगळीच कार्डं) हुबेहूब अशीच २५ भोकांची मादी असते, त्यात चुकून घुसवू नका. मूळ मदरबोर्डवरचा किंवा मल्टी आयओ कार्डवरचा (ज्या एकाच कार्डावर सिरियल, पॅरलल असे पोर्ट असतात) पोर्ट कुठला ते कार्ड बघून खात्री करा.

मराठी डीटीपीच्या मशीनमध्ये त्या पोर्टावर बऱ्याचदा आधीच एक काडेपेटीएवढा ठोकळा बसलेला दिसेल. तो डोंगल, सॉफ्टवेअरचं लॉक. फॉन्टचं पॅकेज चोरून कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या द्यायच्या आणि प्रिंटर त्याच्याच पाठीवर लावायचा. आपल्या कामासाठी तो काढायचा, डोंगलमधून लिंक केबल नेऊ नका, पण काढलेला टाकू नका, पाकिटात घालून नाव लिहून ठेवा. तो हरवला की आतलं सॉफ्टवेअर परत उघडणार नाही.

केबल. हिला लॅपलिंक केबल म्हणतात, त्या नावाचं फाइली पाठवायचं सॉफ्टवेअर तेव्हा फेमस होतं म्हणून. दुकानात आता तयार मिळणं अवघड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला २५ पिनांचे दोन नर कनेक्टर, त्यांचे हूड आणि बारा वायरींची केबल सुटी मिळते, सोल्डर घरी करायचं. दुकानदार तुम्हाला नर-नर अशी तयार केबल दाखवेल आणि म्हणेल हीच ती, पण ती बहुतेक वेळा सरळ असते, म्हणजे एक ला एक, दोन ला दोन, स्विच बॉक्ससाठीची. ती लावली तर दोन्ही कॉम्प्युटरच्या बाहेर पाठवायच्या लाइनी एकमेकांवर आदळतात आणि पोर्ट जळायची भीती असते. आपल्याला पाहिजे ती क्रॉस.

क्रॉस का, ते समजलं की पिना पाठ कराव्या लागत नाहीत. प्रिंटरच्या पोर्टात डेटा बाहेर न्यायला आठ लाइनी आहेत पण प्रिंटरकडून आत यायला फक्त पाच, कागद संपला, बिझी आहे, एरर आहे असलं सांगायला. तर युक्ती अशी की माझ्या बाहेर जाणाऱ्या पाच लाइनी तुझ्या आत येणाऱ्या पाचांना जोडायच्या, आणि तुझ्या मला. त्यातल्या चार लाइनींवर डेटा जातो आणि पाचवी 'घेतलं का, घेतलं' एवढं सांगायला, म्हणजे एक बाइट दोन हप्त्यांत जातो. पाच अधिक पाच अधिक एक ग्राउंड, झाल्या अकरा वायरी.

एका टोकाची २, दुसऱ्या टोकाची १५
एका टोकाची ३, दुसऱ्या टोकाची १३
एका टोकाची ४, दुसऱ्या टोकाची १२
एका टोकाची ५, दुसऱ्या टोकाची १०
एका टोकाची ६, दुसऱ्या टोकाची ११
आणि हेच सगळं उलट, १५ ते २, १३ ते ३, १२ ते ४, १० ते ५, ११ ते ६
शेवटी २५ ते २५, हे ग्राउंड

बाकीच्या पिना मोकळ्या सोडायच्या. कनेक्टरवर प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडे कोरलेले असतात, भिंग घेऊन तेच वाचा, स्वतः मोजू नका, कारण पुढून मोजलं की एक बाजू आणि सोल्डरच्या बाजूने मोजलं की ते आरशासारखं उलटं. माझी पहिली केबल याच कारणाने गेली, दीड तास सोल्डर करून सगळ्या पिना उलट्या. लांबी दोन मीटर पुरे, उगाच पाच मीटर करू नका.

सोल्डर झाल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून तपासा. इकडची २ तिकडच्या १५ ला बीप द्यायला पाहिजे, तिकडच्या २ ला अजिबात नाही. अशा अकराही वायरी बघा आणि शेजारच्या पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना तेही बघा. विकत आणलेल्या केबललाही हीच परीक्षा, पाकिटावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

आता जोडणी, आणि इथे जरा थांबून वाचा. दोन्ही मशीनं बंद, नुसती बंद नाहीत तर प्लगमधून काढलेली, तेव्हाच केबल लावायची. पॅरलल पोर्ट चालू मशीनवर लावायसाठी बनवलेला नाही. शिवाय आपल्याकडे अर्थिंगचा आनंद. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थची वायर भिंतीत कुठेच गेलेली नसते, मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, कारण एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर मेन्सच्या जवळजवळ निम्मा व्होल्टेज तरंगत असतो. करंट अगदी किरकोळ, माणसाला काही होत नाही, पण एक मशीन अर्थ असलेल्या सॉकेटवर आणि दुसरं नसलेल्यावर असं ठेवून केबल लावली की तो सगळा फरक पोर्टाच्या चिपमधून जातो. म्हणून दोन्ही मशीनं, दोन्ही मॉनिटर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि तो बोर्ड अर्थ नक्की असलेल्या पॉइंटवर. आमच्याकडे मी किचनमधल्या फ्रिजच्या पॉइंटवरून घेतला, मामी दोन तास फ्रिज बंद म्हणून ओरडत होती. कनेक्टरचे दोन्ही बाजूचे स्क्रू पण आवळा, अर्धवट बसलेली केबल मधेच लिंक तोडते.

म्हातारा चालू करताना बहुतेक वेळा पहिलं दर्शन सीमॉस (मशीनची सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी) एररचं. बॅटरी मेलेली असते, त्यामुळे हार्डडिस्क कुठली हेच तो विसरलेला असतो. सेटअपमध्ये जा (चालू होताना डिलीट दाबून, बऱ्याच ४८६ मध्ये हेच), हार्डडिस्क ऑटो डिटेक्ट असेल तर तो करा, नसेल तर डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर लिहिलेले असतात ते हाताने भरा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा कारण मशीन बंद केलं की परत भरायचंय. सेटअपमध्येच पॅरलल पोर्टचा मोड दिसला तर ईसीपी, ईपीपी असलं काही न ठेवता नॉर्मल किंवा एसपीपी करा, दोन्ही मशीनवर सारखं. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल, भांडणं कमी होतात.

म्हाताऱ्यावर डॉस ६ किंवा पुढचं असेल तर नशीब चांगलं, कारण १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६ पासून या कामाचे दोन प्रोग्राम डॉसबरोबरच मिळतात. एक इंटरलिंक आणि दुसरा इंटरसर्व्हर. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांच्या वर जात नाही म्हणून स्पेलिंग कापलेलं आहे, इंटरलिंकमध्ये इंटर नंतर फक्त एल एन के, लिंकमधला आय नाही, आणि इंटरसर्व्हरमध्ये इंटर नंतर एस व्ही आर. निम्म्या लोकांचं 'बॅड कमांड' इथंच येतं.

ज्याच्यातून फाइली घ्यायच्या तो सर्व्हर, जो येऊन घेतो तो क्लायंट. म्हातारा सर्व्हर करायचा. दोन कारणं. सर्व्हरला काहीही इन्स्टॉल करायला लागत नाही, नुसती एक कमांड दिली की तो बसून राहतो, सगळी सेटिंग क्लायंटवर होते, म्हणजे आपला न लिहिण्याचा नियम पाळला जातो. दुसरं, मधल्या विंडोज ९८ ची डिस्क फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असते आणि इंटरसर्व्हरला फॅट३२ समजत नाही, पण तेच मशीन क्लायंट असेल तर स्वतःची डिस्क ते स्वतःच्या डॉसने हाताळतं, त्यामुळे अडचण येत नाही. मधल्यावर एक्सपी आणि एनटीएफएस (फाइली मांडायची दुसरी पद्धत) असेल तर मात्र डॉसला ती डिस्क दिसणारच नाही, एक छोटं फॅटचं पार्टिशन करावं लागेल.

मधल्यासाठी बूट फ्लॉपी बनवा (मधल्याचा फ्लॉपी ड्राइव्ह चालू पाहिजे हे राहिलंच सांगायचं). विंडोज ९८ मध्ये माय कॉम्प्युटरमधून फ्लॉपीवर राइट क्लिक, फॉरमॅट, आणि तिथे 'फक्त सिस्टिम फाइली कॉपी करा' अशा अर्थाचा पर्याय. कोकणातून किंवा कुठल्याही दमट घरातून आलेली फ्लॉपी असेल तर तिचं शटर सरकवून आधी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का बघा, असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेड घाण होतं आणि मग चांगल्या फ्लॉप्याही वाचत नाही. या फ्लॉपीवर इंटरलिंकची ईएक्सई फाइल टाका. डॉस ६ च्या कुठल्याही मशीनमधून घ्या, विंडोज ९५ च्या सीडीवर 'अदर' फोल्डरच्या आत 'ओल्डएमएसडॉस' म्हणून फोल्डर आहे त्यातही मिळते. मग नोटपॅडमध्ये कॉन्फिग.सिस नावाची फाइल फ्लॉपीवरच बनवा, तिच्यात दोन ओळी:

लास्टड्राइव्ह=झेड
डिव्हाइस=ए:\इंटरलिंक.ईएक्सई /ड्राइव्ह्ज:५ /नोप्रिंटर /एलपीटी

ड्राइव्ह्ज म्हणजे समोरच्याचे किती ड्राइव्ह दाखवायचे, न सांगितलं तर तीन. नोप्रिंटर दिलं की समोरच्याचा प्रिंटरही आपल्याकडे ओढायचा उद्योग तो करत नाही. आणि एलपीटी फार महत्त्वाचं, ते नसेल तर तो सिरियल पोर्टसुद्धा चाचपत बसतो आणि सिरियल माउस लावलेला असला की मशीन लटकतं. नोटपॅड कधीकधी नावाच्या शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतो, ते बघून घ्या. ही सगळी सेटिंग मधल्याच्या सी ड्राइव्हवर का नाही करायची, तर तीच ओळ घेऊन विंडोज सुरू झालं की ते कुरकुर करतं, फ्लॉपी काढली की मशीन पूर्वीसारखं, हे बरं.

आता म्हातारा चालू करा आणि 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसलं की लगेच एफ५ दाबा. त्याने कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक या सुरू होताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या दोन्ही फाइली वगळल्या जातात, म्हणजे विंडोज ३.१ आपोआप सुरू होणं, अँटिव्हायरस, स्मार्टड्राइव्ह असलं काही मधे येत नाही. कंट्रोल धरून एफ५ दाबू नका, डिस्क डबलस्पेस किंवा ड्राइव्हस्पेसने दाबून ठेवलेली असेल (तेव्हा डिस्क महाग होत्या, पुष्कळांनी केलेलं असायचं) तर तो ड्राइव्ह मग दिसायचा नाही. एफ५ मुळे पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) सेट होत नाही म्हणून पूर्ण पत्ता द्यायचा:

सी:\डॉस\इंटरसर्व्हर सी: /एलपीटी

डी ड्राइव्हपण असेल तर सी: च्या पुढे स्पेस देऊन डी: लिहा. स्क्रीनवर दोन रकाने येतात, एका बाजूला हा कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला समोरचा, आणि तो वाट बघत बसतो. याला आता हात लावायचा नाही. बाहेर पडायचं झालं की आल्ट एफ४.

मग मधला फ्लॉपीवरून सुरू करा. सगळं बरोबर असेल तर सुरू होतानाच पोर्ट एलपीटी१ आणि खाली 'डी इक्वल्स सी' अशी ओळ दिसेल, म्हणजे मधल्याचा डी हाच म्हाताऱ्याचा सी. फाइलींची यादी बघायला नुसतं डीआयआर डी: मारा. मामाच्या घरी ती यादी स्क्रीनवर उतरली तेव्हा त्यात पीएम५ (पेजमेकर ५, पानं लावायचं सॉफ्टवेअर) नावाचं फोल्डर दिसलं आणि मामा खुर्चीतून उठून उभाच राहिला. यादी दिसली नाही तर नुसतं इंटरलिंक टाइप करा, तो परत जोडायचा प्रयत्न करतो.

कॉपी करताना हावरटपणा नको. आधी जे नसेल तर रडू येईल ते. मधल्यावर एक फोल्डर करा आणि:

एमडी सी:\मामा
एमडी सी:\मामा\पीएम५
सी:\विंडोज\कमांड\एक्सकॉपी डी:\पीएम५ सी:\मामा\पीएम५ /एस /ई

एस आणि ई मुळे आतली सगळी फोल्डरं, रिकामी धरून, येतात. महत्त्वाचं आलं की मग बाकीची डिस्क सावकाश. अख्खा सी एका दमात मागितला आणि विंडोजच्या कुठल्यातरी फालतू फाइलवर बॅड सेक्टर लागला की गाडी तिथंच अडते आणि कविता मागेच राहतात. अॅबॉर्ट, रीट्राय, फेल असं विचारलं तर आधी आर तीनचार वेळा, तरी नाही झालं तर ती फाइल नोंदवून पुढे जा. फाइलींच्या तारखा कॉपीत तशाच राहतात त्यामुळे कुठला दिवाळी अंक कुठल्या वर्षाचा ते कळतं, अर्थात तेव्हा घड्याळ बरोबर असेल तर.

वेळ किती? सेकंदाला साधारण ५० केबी धरून चाला, मशीन जेवढं जुनं तेवढं कमी. १७० एमबीला तासभर. आम्ही लावून जेवायला बसलो. सिरियल केबलने हेच केलं असतं तर सगळ्यात जास्त वेगातही सेकंदाला ११ केबीच्या आसपास, म्हणजे रात्र काढावी लागली असती.

झाल्यावर खात्री. एक्सकॉपीचा /व्ही लावून समाधान मानू नका, तो फक्त लिहिलेलं वाचता येतंय का एवढंच बघतो. खरी तुलना एफसी /बी ने, एकदा इकडचं फोल्डर एकदा तिकडचं, पण त्यात म्हाताऱ्याची डिस्क परत पूर्ण वाचली जाते. डिस्क कण्हत असेल तर फक्त महत्त्वाच्या फोल्डरपुरतं करा.

काहीच होत नसेल तर संशय याच क्रमाने घ्या. केबल, केबल, मग परत केबल. मग सेटअपमधला पोर्टचा मोड, किंवा पोर्ट तिथे डिसेबल करून ठेवलेला. मग दोन्हीकडचे इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर वेगवेगळ्या डॉसचे आहेत का. यादी दिसते पण मोठी फाइल मधेच अडते असं असेल तर जवळजवळ नक्की ग्राउंडचा टाका सुटलेला किंवा स्क्रू ढिला. म्हाताऱ्यावर डॉस ५ किंवा जुनं असेल तर इंटरसर्व्हर तिथे नसणार, आणि फ्लॉपीही मेलेली असेल तर एक जुगाड डॉस ६ मध्येच आहे, इंटरसर्व्हर /आरकॉपी, पण ते सिरियलच्या सात वायरींच्या नल मोडेम केबलनेच (दोन कॉम्प्युटर सिरियल पोर्टाने जोडायची केबल) चालतं आणि म्हाताऱ्यावर मोड ही कमांड असावी लागते. तो स्क्रीनवर सांगतो काय टाइप करायचं ते, आणि दोन्ही प्रोग्राम स्वतःच तिकडे ढकलतो. इथे नियम मोडतो, दोन छोट्या फाइली म्हाताऱ्यावर लिहिल्या जातात, इलाज नाही.

दोन्हीकडे विंडोज ९५ किंवा ९८ असेल तर तीच केबल ठेवून विंडोजमधूनही जमतं, अॅक्सेसरीजमध्ये डायरेक्ट केबल कनेक्शन (९८ मध्ये अॅक्सेसरीज, मग कम्युनिकेशन्स). लांब नावं जपायची असतील तर हाच रस्ता, कारण इंटरलिंक सगळ्या नावांची आठ अधिक तीन अक्षरं करतो. ज्याच्यातून घ्यायचं तो होस्ट, घेणारा गेस्ट. दोन्हीकडे डायल-अप नेटवर्किंग असावं लागतं, कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्कमध्ये मायक्रोसॉफ्ट नेटवर्कचा क्लायंट आणि नेटबीयूआय प्रोटोकॉल दोन्हीकडे, कॉम्प्युटरची नावं वेगळी, वर्कग्रुप एकच, होस्टवर फाइल शेअरिंग चालू आणि ड्राइव्ह शेअर करून रीड-ओन्ली. जोडलं गेलं पण शेअर केलेली फोल्डरं दाखवता येत नाहीत असं म्हणून नाव विचारलं तर होस्ट कॉम्प्युटरचं नाव टाइप करायचं, त्यात बिघडलेलं काही नसतं. मात्र हे सगळं घालायला म्हाताऱ्यावर विंडोजची सीडी मागितली जाते, फाइली लिहिल्या जातात, म्हणून ९५ वाल्या मशीनवर हे आधीपासून असेल तरच मी या वाटेला जातो.

मराठी फाइलींचं एक वेगळं. पत्रिका, कविता, अंक आणले पण फॉन्ट आणले नाहीत तर हाती नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, कारण तेव्हा युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरांचे सारखेच कोड) वापरात नव्हतं आणि प्रत्येक कंपनीने देवनागरीची अक्षरं आपल्या मर्जीने इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली. म्हणून त्याच मशीनमधल्या टीटीएफ फाइली पण उचला, विंडोज ३.१ मध्ये त्या विंडोज\सिस्टिममध्ये असतात, ९५ पासून विंडोज\फॉन्ट्समध्ये. नंतर युनिकोडमध्ये बदलताना कुठला फॉन्ट होता हे माहीत असल्याशिवाय कन्व्हर्टर निवडता येत नाही. पेजमेकर ५ च्या फाइली आजच्या काळात आणायच्या तर आधी पेजमेकर ६.५ मध्ये उघडून सेव्ह करा, पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्याच फाइली घेतात. सीडॅकच्या जिस्ट कार्डवर (भारतीय भाषांसाठी कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड) डॉसमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते इस्की नावाच्या कोडमध्ये असतं, तिथे फॉन्टची गरज नाही पण इस्की समजणारा कन्व्हर्टर पाहिजे.

सगळं मधल्यावर आलं की फ्लॉपी काढून विंडोज ९८ सुरू करा आणि तिथून पुढे न्या. ९८ ला पेनड्राइव्हचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, तो नसेल तर सीडी रायटर किंवा नेटवर्क कार्ड. मूळ डेटा निदान दोन वेगळ्या जागी गेल्याशिवाय म्हाताऱ्याला माळ्यावर पाठवू नका. मग आल्ट एफ४, दोन्ही मशीनं बंद, प्लग काढून केबल सोडवायची, आणि डोंगल पाकिटात न ठेवता परत त्याच पोर्टात लावून स्क्रू आवळायचे, कवितांची प्रूफं काढायला आम्हाला तो महिन्याभरातच लागला.